प्रभुभोजन बंद करण्याआधी: मंडळीच्या शिस्तीविषयी एका प्रश्नाचे उत्तर

आपण लिहिता की नाशिकमधील आपल्या मंडळीच्या पास्टरेट कमिटीवर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर) आपण यंदा प्रथमच निवडून आला आहात आणि पहिल्याच काही महिन्यांत एक अवघड प्रकरण आपल्यासमोर आले आहे. गायनवृंदाचे नेतृत्व करणाऱ्या एका तरुणाने मंडळीतील एका विधवा भगिनीकडून गाडीचे हप्ते भरण्यासाठी मोठी रक्कम उसनी घेतली, मुदत उलटली तरी ती फेडली नाही, आणि पाळकसाहेबांनी उपासनेनंतर आवारात विचारले तेव्हा ‘केव्हाच दिली’ असे सांगितले. ते खोटे निघाले. कमिटीत आता दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे, रविवारी उपासनेत नाव वाचून दाखवावे आणि त्याचे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजावरील भाकर व द्राक्षारस घेणे, बंद करावे. दुसऱ्याचे म्हणणे, ‘दोष काढू नका’ ही प्रभूचीच आज्ञा आहे. शिवाय नाताळ तोंडावर आला आहे, आणि हा मुलगा दुखावला तर सिडकोतल्या एखाद्या फेलोशिपमध्ये (स्वतंत्र उपासना-गटात) जाईल व जाताना चार कुटुंबे बरोबर नेईल. या दोहोंपैकी शास्त्राला धरून काय आहे, असे आपण विचारता.

मी नाशिक धर्मप्रांतात, काही काळ शहरात आणि बराच काळ ग्रामीण भागातील मंडळ्यांत, पाळक म्हणून सेवा करून निवृत्त झालो आहे. शिस्तीची जी प्रकरणे माझ्यासमोर आली ती बहुतेक पैशाची, विवाहाची किंवा मानपानाची होती, आणि त्यांतून माझे एक मत पक्के झाले आहे: अपराध्याच्या हट्टाने जितकी प्रकरणे बिघडतात, त्याहून अधिक शिस्त लावणाऱ्यांच्या अपरिपक्वतेने बिघडतात. आपल्या प्रश्नात कमिटीच्या बैठका आहेत, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकलेली सूचक वचने आहेत, महिला मंडळातील कुजबुज आहे. परंतु त्या तरुणाला एकान्तात गाठून त्याच्याशी कोणी बोलल्याचा उल्लेख कोठेही नाही. पाळकसाहेबांनी विचारले तेही चारचौघांत. म्हणून प्रभुभोजन बंद करावे की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्याच्याशी अद्याप कोणी नीट बोललेलेच नाही त्याच्याविषयी निर्णय देण्यास ही मंडळी पात्र आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

उत्तराचा काही भाग परिस्थितीवर अवलंबून राहील, तो आधी सांगतो. आपण ‘पास्टरेट कमिटी’ हा शब्द वापरला आहे, त्यावरून आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असावी असे मी धरून चालतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च झाले, आणि त्यात शिस्तीचा अधिकार कमिटीच्या बहुमतावर सोडलेला नाही; पाळक आणि बिशप यांची त्यात जबाबदारी आहे. आपल्या धर्मप्रांताची घटना मागवून तिच्यातील शिस्तीचे नियम बैठकीपूर्वी वाचावेत. मंडळी स्वतंत्र असेल तर तिची नियमावली आणि विश्वस्त मंडळ पाहावे लागेल. कॅथलिक मंडळीत तर कॅनन लॉ (चर्चचा स्वतःचा कायदा) आणि पापनिवेदनाचा संस्कार असल्याने मार्गच वेगळा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या तरुणाला पैसे फेडता येत नाहीत की फेडायचे नाहीत, हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटी नोकरी करणाऱ्याचे काम सुटले आणि घरी सांगण्याची लाज वाटली, असे असेल तर कर्ज थकणे हा अपराध नाही; खोटे बोलणे मात्र आहे. पहिल्यासाठी मंडळीने मदत करावी, दुसऱ्यासाठी बोध करावा, आणि दोन्ही एकाच वेळी करता आले पाहिजे. याउलट, अशीच उसनवारी त्याने आणखी दोघातिघांकडे केली असल्याचे उघड झाले, तर प्रकरणाचे स्वरूप बदलते. आणि येथे लागलेच एक स्पष्ट करतो, कारण हे उत्तर इतर मंडळ्यांतील लोकही वाचतील: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि घरात मारहाण होत असेल तर त्या स्त्रीची सुरक्षितता पहिली. तेथे कमिटीने ‘आधी आपण आपसांत पाहू’ म्हणत बसू नये. शिस्तीचा क्रम सांगणारा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय गुन्हा झाकण्यासाठी दिलेला नाही.

आता त्या अध्यायाकडे येतो. शिस्तीची गोष्ट निघाली की आपण पंधरा ते सतरा ही वचने वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्यांच्या अलीकडे हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि पलीकडे पेत्राचा प्रश्न आहे, किती वेळा क्षमा करावी. त्याला जोडूनच त्या चाकराचा दाखला आहे ज्याला स्वतःचे अफाट कर्ज माफ झाले आणि ज्याने सोबत्याचा थोड्या रकमेसाठी गळा धरला. शिस्तीचा उपदेश या दोहोंच्या मधोमध बसविलेला आहे, आणि तेथून उचलून कमिटीच्या टेबलावर नुसता ठेवला तर तो फौजदारी प्रक्रियेसारखा दिसू लागतो. प्रभू जो क्रम सांगतो त्यात पहिल्या पायरीवर दोनच माणसे आहेत. त्याने ऐकले तर आपला बंधू आपल्याला मिळाला आणि प्रकरण तेथेच संपले. ते कमिटीला कळण्याचेही कारण नाही. न ऐकल्यास एकदोघे सोबत न्यावे. ही दोन-तीन साक्षीदारांची अट जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून आली आहे, आणि मूळ ठिकाणी तिचा हेतू आरोपीला एका माणसाच्या शब्दापासून वाचविणे हा होता. तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे, आणि मंडळीचेही न ऐकल्यास तो विदेशी किंवा जकातदार यांच्यासारखा होवो. जकातदारांशी प्रभू स्वतः कसा वागला, त्यांच्या पंगतीला कसा बसला, हे याच शुभवर्तमानात आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आपल्या मंडळीत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. आधी ग्रूपला कळले, मग महिला मंडळाला, मग कमिटीला, आणि शेवटी कदाचित त्याला कळेल. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. आपल्याकडे एक सोयीची वाट आहे, ती म्हणजे प्रार्थनेचा विषय. ‘अमक्यासाठी विशेष प्रार्थना करा, पैशाच्या मोहात सापडला आहे’ असे प्रार्थना-सभेत म्हटले की बातमीही पोचते आणि सांगणाऱ्याची भक्तीही दिसते. कमिटीच्या पुढच्या बैठकीत पहिला ठराव करायचाच असेल तर तो या विषयावर मौन पाळण्याचा करावा, आणि ग्रूपवरील ती वचने ज्याने टाकली त्याने ती काढावीत.

भेटीला कोणी जावे? गलतीकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की जे आत्मिक आहेत त्यांनी अशा माणसाला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणावे, आणि तसे करताना आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्यावे. म्हणजे योग्यता पदाची नाही, परिपक्वतेची आहे. कमिटीचा सेक्रेटरी म्हणून कोणी आपोआप योग्य ठरत नाही. मी अशा कामासाठी असा माणूस निवडत असे ज्याचा स्वतःचा पैशाचा व्यवहार चोख आहे, जो त्या तरुणाचा नातेवाईक नाही, आणि ज्याच्याजवळ सांगितलेले बाहेर जात नाही. हे तिन्ही एका माणसात सापडणे आपल्या मंडळ्यांत कठीण असते, विशेषतः दुसरे. नाशिकच्या जुन्या मंडळ्यांत कमिटीतला एक जण मुलाचा मामा निघतो आणि दुसरा होऊ घातलेला व्याही. तेव्हा नाते असेलच तर ते उघड सांगून त्या सभासदाने या प्रकरणापुरते बाजूला बसावे. फोन करून वेळ ठरवावी, पण फोनवर विषय काढू नये. पाळकाने जायचे असेल तर कॉलर घालून वस्तीत जाऊ नये, शेजारी विचारतात. घरी आई किंवा पत्नी असेल तर बाहेर चहाला न्यावे. पहिले वाक्य आरोपाचे नसावे. ‘त्या पैशांचे काय झाले ते मला तुझ्याकडून ऐकायचे आहे’ एवढे म्हणून गप्प बसावे. माझा अनुभव असा की खोटे बोललेला माणूस पुष्कळदा खरे सांगायला टेकलेला असतो. त्याला ते कमी लाजेत सांगण्याची जागा कोणी दिलेली नसते.

‘दोष काढू नका’ म्हणणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाही उत्तर द्यावे लागेल. मत्तयाच्या सातव्या अध्यायात ते वचन आहे खरे, पण तो परिच्छेद तेथे संपत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यास तुला स्पष्ट दिसेल, असा त्याचा शेवट आहे. कुसळ राहू द्यावे असे तेथे म्हटलेले नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल बाहेरच्यांचा न्याय देवावर सोडतो आणि आतल्यांचा न्याय मंडळीनेच करावा असे म्हणतो, आणि तेथे त्याने दिलेल्या यादीत व्यभिचाऱ्याच्या जोडीला लोभी आणि दुसऱ्याचे वित्त हरण करणारा हेही आहेत. हे आपण सोयीने विसरतो. पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याचे प्रभुभोजन तत्काळ थांबविणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत. विधवेचे पैसे बुडविणाऱ्यासाठी बैठक बोलावणारी मंडळी क्वचितच पाहिली. त्या अर्थाने आपल्या कमिटीने हा विषय घेतला हे बरेच झाले.

तरीही ‘दोष काढू नका’च्या मागे एक रास्त भीती असते, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. सत्ता टिकविण्यासाठी शिस्त वापरली गेल्याची उदाहरणे नव्या करारातच आहेत. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक पुढारी आहे; त्याला अग्रस्थानाची हौस आहे, तो पाहुण्या बंधूंना स्वीकारत नाही आणि जे स्वीकारू पाहतात त्यांना मंडळीबाहेर घालवितो. ज्याने जमाखर्च विचारला त्याच्याच आत्मिक जीवनाविषयी अचानक चिंता वाटू लागणे, हा त्याच जातीचा रोग आहे. म्हणून मी कमिटीला विचारीत असे की हाच अपराध आपल्या गटातल्या माणसाने केला असता तर आपण हेच केले असते काय. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्यास काही वेळा एक पूर्ण बैठक लागते आणि ती वाया जात नाही.

आता परिपक्वतेविषयी, कारण माझ्या मते प्रकरणाचे मूळ तेथे आहे. हा तरुण गायनवृंदाचा प्रमुख कसा झाला? आपण लिहिता की तो उत्तम पेटी वाजवतो, त्याचा गळा गोड आहे आणि त्याच्यामुळे तरुण संघ उभा राहिला. त्यात त्याच्या वचनाला जागण्याविषयी, घरातल्या वागणुकीविषयी, कोणी बोध केला तर तो कसा घेतो याविषयी एकही शब्द नाही. करिंथची मंडळी अशीच होती. पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की कोणत्याही कृपादानात (देवाने दिलेल्या क्षमतेत) तुम्ही उणे नाही, आणि तिसऱ्यात त्याच लोकांना तो ख्रिस्तातील बाळके म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह आहे. कृपादान आणि परिपक्वता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दिसली की दुसरी असेलच असे धरून चालणे ही आपल्या मंडळ्यांची जुनी खोड आहे. इब्री लोकांस पत्रात प्रौढाचे लक्षण असे दिले आहे की वहिवाटीने त्याच्या ज्ञानेंद्रियांना बरेवाईट ओळखण्याचा सराव झालेला असतो. सराव हा रोजचा असतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौल नवशिक्याला अध्यक्ष करू नको आणि कोणावर घाईने हात ठेवू नको, म्हणजे घाईने पदावर नेमू नको, असे दोन वेळा दोन प्रकारे सांगतो, ते यासाठीच. गायनवृंदाचा प्रमुख म्हणजे अध्यक्ष नव्हे, हे मान्य. परंतु दर रविवारी जो मंडळीसमोर उभा राहतो, त्याच्याकडे शब्बाथ शाळेतली मुले पाहत असतात.

यावरून पुढचा भेद येतो, आणि बहुतेक कमिट्या येथे गोंधळतात. सेवेच्या जागेवरून थांबविणे आणि प्रभूच्या मेजापासून थांबविणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्याने खोटे बोलल्याचे कबूल केले, पण व्यवहार अद्याप मिटलेला नाही, अशा स्थितीत त्याने गायनवृंदाचे नेतृत्व काही काळ सोडावे, हे मी निश्चित सुचवीन, नाताळ असला तरी. नाताळची गीते दुसरा कोणी बसवील, थोडी बेसूर झाली तर होवोत. ज्या भगिनीचे पैसे अडकले आहेत तिने समोर बसून त्याच्याबरोबर ‘शांती’ची गीते म्हणावीत, ही अपेक्षा अधिक बेसूर आहे. मात्र पश्चात्ताप दाखविणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवू नये. ते प्रौढांना दिलेले बक्षीस नाही; दुर्बलाला त्याची अधिक गरज असते.

आणि त्याने मुळीच ऐकले नाही तर? अँग्लिकन परंपरेतून आलेल्या आपल्यासारख्या मंडळ्यांना येथे एक जुना आधार आहे. १६६२च्या सार्वजनिक प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीआधीच्या सूचनांत म्हटले आहे की उघड दुराचारी असलेल्या, किंवा शब्दाने अथवा कृतीने शेजाऱ्याचे नुकसान केलेल्या माणसाला पाळकाने बोलावून सांगावे की त्याने पश्चात्ताप प्रगट करीपर्यंत आणि ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करीपर्यंत, निदान भरपाईचा निश्चय जाहीर करीपर्यंत, मेजाजवळ येऊ नये. तेथेच पुढे आहे की पाळकाने असे कोणाला थांबविले तर जास्तीत जास्त चौदा दिवसांत बिशपांना कळविले पाहिजे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. थांबविण्याचे कारण त्यात ठरलेले आहे, थांबविणे कधी संपेल हे ठरलेले आहे, आणि पाळकाच्या रागावर वरून लक्ष ठेवणारा कोणी आहे. दोघांत वैर असेल आणि एकाने मनापासून क्षमा केली पण दुसरा अडून बसला, तर क्षमा करणाऱ्याला घ्यावे आणि अडणाऱ्याला थांबवावे, असेही त्या सूचनांत आहे. आपल्याकडे मात्र दोन्ही कुटुंबांचे भोजन एकदम बंद करून ‘आधी मिटवा’ म्हणण्याची रीत पडली आहे, आणि ती ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर अन्याय करते.

नुकसान झालेल्या त्या भगिनीविषयी आपल्या पत्रात फार थोडे आहे. कमिटीची सर्व चर्चा मुलाचे काय करायचे यावर आहे. तिचे पैसे कसे परत मिळतील यावर कोणी बोललेले दिसत नाही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे की फसवून घेतलेली वस्तू मुद्दलासह आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याची त्याला द्यावी, आणि ती दोषार्पण (अपराधाबद्दल देवाला वाहायचे अर्पण) आणण्याच्याच दिवशी द्यावी. जकातदार जक्कयानेही प्रभूसमोर पश्चात्तापाची भाषा केली ती चौपट परत करण्याच्या भाषेत. म्हणून भेटीतून जे निघेल त्यात हप्ता किती, तारीख कोणती, पैसे कोणाच्या साक्षीने द्यायचे, हे कागदावर लिहिलेले असावे आणि दोघांच्या सह्या असाव्यात. हप्ता त्याला झेपेल असा असावा. पहिल्या आवेशात कबूल केलेली मोठी रक्कम तिसऱ्या महिन्याला थकते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तो खरोखर अडचणीत असेल तर मंडळीच्या मदतनिधीतून त्या भगिनीची तातडीची गरज भागवावी.

आणि कृपा करून तिला ‘ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये’ असे सांगू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल भावाभावांतील फिर्यादींवर रागावतो हे खरे, परंतु त्याच दमात तो विचारतो की भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय. तो राग आधी निवाडा करू न शकणाऱ्या मंडळीवर आहे. मंडळीने तिचा न्याय केला तर तिला कोर्टाची गरज पडणार नाही. आणि मंडळीला ते जमले नाही, तर तिला अडविण्याचा नैतिक अधिकार मंडळीला उरत नाही.

उपासनेत नाव वाचावे काय? आजच्या स्थितीत, नाही. सर्वांसमोर दोष दाखविण्याविषयी तीमथ्याला जे सांगितले आहे ते पाप करीत राहणाऱ्या वडिलांविषयी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांविषयी, आहे, आणि त्याच्या आधीच्या वचनात दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांविरुद्ध आरोप ऐकूच नये अशी अट आहे. पाप जितके उघडे, तितकाच बोध उघडा, हा माझा संकेत राहिला आहे. येथे अपराध एका व्यक्तीविरुद्ध झाला आहे आणि वाच्यता आपणच केली आहे. नाव वाचल्याने त्याच्या अविवाहित बहिणीचे स्थळ मोडेल, आईचे महिला मंडळात येणे बंद होईल, आणि ज्या माणसाला परत आणायचे त्याच्या परतीच्या वाटेवर आपणच कुंपण घातलेले असेल.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या वडीलधाऱ्या पिढीला ‘मंडळीची शिस्त’ या शब्दांनी अंगावर काटा का येतो, हे तरुण सभासदांना कळत नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४मध्ये नाशिकजवळ शरणपूर वसविले; तेथे अनाथालय होते, कामधंद्याचे शिक्षण होते, आणि आफ्रिकेतून नेल्या जाणाऱ्या, वाटेत सोडविलेल्या गुलामांनाही आसरा मिळाला. हे मोठे काम होते. परंतु मिशनच्या वसाहतींची रचनाच अशी असे की नोकरी, घर, मुलांची शाळा आणि प्रभुभोजन यांच्या किल्ल्या पुष्कळदा एकाच कचेरीत असत. तेथे शिस्तीची कारवाई म्हणजे पोटावर पाय, मग कारवाई करणारा कितीही दयाळू असो. ती रचना गेली, तरी शिस्त म्हणजे साहेबाने केलेली शिक्षा ही समजूत राहिली, आणि कमिटीत बसलेला आपल्यासारखाच माणूस साहेबाच्या आवाजात बोलू लागला की लोक एकतर घाबरतात किंवा बंड करतात.

कायद्याचीही एक बाजू आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६चा अधिनियम लागू आहे, आणि त्यात बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. जातपंचायतींचा जाच हे त्याचे मुख्य निमित्त असले तरी त्याचा रोख तेवढ्यापुरता नाही. एखाद्या सेवेच्या जागेवरून थांबविणे वेगळे. पण ‘याच्या घरच्या लग्नाला कोणी जाऊ नये’, ‘याच्याशी व्यवहार ठेवू नये’, ‘याच्या माणसाला दफनभूमीत जागा देऊ नये’ अशा भाषेत कमिटीने ठराव केला, तर ती शिस्त राहत नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात पौल न ऐकणाऱ्याची संगत धरू नका म्हणतो आणि लगेच जोडतो की त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. दफनभूमीत जागा नाकारणारा भाऊ मला माहीत नाही.

आपण अद्याप न विचारलेला एक प्रश्न मी आपल्या वतीने घेतो: हे संपणार कसे? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौलाला मंडळीला सांगावे लागले की बहुतेकांनी दिलेली शिक्षा आता पुरे. त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. हा पहिल्या पत्रातलाच माणूस की दुसरा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मंडळीला शिक्षा थांबविता येत नव्हती, हे मात्र उघड आहे. आपल्याकडेही नेमके हेच होते. कारवाई ठरावाने सुरू होते आणि संपविण्याचा ठराव कोणी मांडत नाही. तो माणूस वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसतो आणि कमिटीचे सभासद बदलून जातात. म्हणून त्याला गायनवृंदातून थांबण्यास सांगाल त्याच दिवशी पुन्हा विचार करण्याची तारीख ठरवा, समजा पुनरुत्थानाच्या सणानंतरचा (ईस्टरनंतरचा) पहिला रविवार, आणि मधल्या काळात महिन्यातून निदान एकदा त्याला भेटेल असा एक वडील नेमा. हप्ते नियमित गेले, त्याने त्या भगिनीजवळ आणि पाळकसाहेबांजवळ खोट्याची कबुली दिली, तर त्याला गाण्यात परत घ्या. प्रमुखपद परत द्यायचे की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. क्षमा एका दिवसात देता येते, विश्वास बसायला वेळ लागतो, आणि दानपेटी मोजण्याचे किंवा सहलीची वर्गणी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे बराच काळ न देणे हे क्षमा न केल्याचे लक्षण नाही. हे त्यालाही आधीच सांगून ठेवावे.

राहिली तो दुसरीकडे निघून जाण्याची भीती. ती खरी आहे. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून नाशिकरोडपर्यंत दर रविवारी जमणाऱ्या फेलोशिप आता पुष्कळ आहेत, आणि पेटी वाजविणारा तरुण कोणालाही हवा असतो. परंतु या भीतीपोटी गप्प राहिलात तर त्या भगिनीला आपण सांगता की तिच्या पैशापेक्षा त्याचा गळा मोलाचा आहे. ती कोठे जाणार नाही, म्हणून तिचे मोल कमी. तो जायचाच असेल तर त्याच्या मागे बदनामी पाठवू नये. तेथील पाळकांना आपल्या पाळकसाहेबांनी प्रत्यक्ष भेटून, त्या तरुणाला आधी कळवून, एवढेच सांगावे की आमच्याकडे त्याचा एक व्यवहार अपुरा आहे, तो पुरा होईपर्यंत त्याला पुढारपण देऊ नका आणि त्याला जवळ करा. रकमेचा आकडा किंवा त्या भगिनीचे नाव सांगण्याची गरज नाही. समोरचे पाळक समंजस असतील तर ऐकतील. नसतील तरी हप्त्यांचा कागद दोघांच्या सहीनिशी आपल्याकडे आहे, आणि तो कोणत्या मंडळीत बसतो यावर त्या कागदातील तारखा अवलंबून नाहीत. तेव्हा कमिटीची पुढची बैठक आठवडाभर पुढे ढकला, आणि त्या आठवड्यात कोणी भेटायला जायचे एवढे पाळकसाहेबांशी बोलून ठरवा.